ते पिल्लू

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी मी एका बाईला चुकीचं उत्तर दिलं. प्रश्न काही मोठा नव्हता. तीन पिल्लं होती. त्यातून कोंबड्या निघणार की कोंबडे, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हटलं, तिन्ही कोंबड्या. तिनं सहाशे रुपये दिले आणि पिल्लं डालग्यात घालून नेली. पाडव्याच्या आसपास त्यातली दोन आरवायला लागली.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आधी वाटलं, आपला प्रोग्रॅम चुकला. मग वाटलं, आपण चुकलो. आता वाटतं, चूक उत्तराच्या आधीच कुठेतरी झाली होती. ती नेमकी कुठे, हे शोधायला हा लेख.

*

माझी आत्या खालापूर तालुक्यात राहते. कर्जतला गाडी बदलून खोपोलीची लोकल पकडायची. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी छोटी स्टेशनं येतात, त्यातल्याच एकावर उतरायचं. एका बाजूला डोंगर, मध्ये भाताची खाचरं आणि रात्री सगळं शांत झालं की लांबून एक्स्प्रेसवेचा न थांबणारा आवाज. मी ऐरोलीत एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. घरून काम करायची मुभा असली की चार दिवस आत्याकडे येते. नेटवर्क ओटीवर बरं मिळतं म्हणून लॅपटॉप ओटीवर. ओटीसमोर अंगण, आणि अंगणात कोंबड्या.

या कोंबड्यांना आत्या 'गावठी' म्हणते, पण तो शब्द सैलच घ्यायचा. मूळच्या गावठी खऱ्याच. मधल्या काळात टेम्पोवरून विकायला आलेली गिरिराजची पिल्लं त्यांच्यात मिसळली. शेजारी एक बिनपिसांच्या मानेचा कोंबडा होता, त्याचा वंशही इकडे दिसतो. एकीच्या पायावर पिसं आहेत, ती कुठून आली कुणालाच माहीत नाही. एका अंगणात पाच-सहा जातींचा इतिहास फिरतोय आणि कणी टिपतोय.

डिसेंबरात एक काळी कोंबडी खुडूक झाली. आत्यानं तिच्याखाली बारा अंडी ठेवली. अंडी निवडताना ती म्हणाली, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, गोल अंड्यातून कोंबडी. मी मनात हसले, आणि रात्री वाचत बसले. हा समज दोन हजार वर्षांहून जुना निघाला. गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात लांबट, टोकदार अंडं मादीचं म्हटलंय आणि रोमन शेतीलेखक कोलुमेला बरोबर उलटं सांगतो. आत्या कोलुमेलाच्या पक्षात. खरं तर अंड्याच्या आकाराचा आणि लिंगाचा काही संबंध नाही.

एकवीस दिवसांनी, जानेवारीच्या सुरुवातीला, अकरा पिल्लं निघाली. दुसऱ्या आठवड्यात घारीनं एक उचललं. राहिली दहा.

"यातले कोंबडे किती गं?" मी विचारलं.

"आत्ताच काय विचारतेस? पिल्लू आहे ते. शिमगा होऊ दे, मग सांगते."

मला शिमग्यापर्यंत थांबायचं नव्हतं. का थांबायचं नव्हतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

*

पिल्लू नर की मादी हे ओळखायच्या रीती जगात आहेत, आणि त्या हुशार आहेत.

पक्ष्यांमध्ये लिंग ठरवणारी गुणसूत्रं आपल्या उलट असतात. आपल्यात पुरुषाकडे दोन वेगळी गुणसूत्रं असतात, म्हणून मूल मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून ठरतं. कोंबड्यांमध्ये दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, त्यामुळे तिथे ते आईकडून ठरतं. (आपल्याकडे मुलगी झाली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सुनांनी बोलणी खाल्ली. तो नियम खरा होता तो कोंबड्यांच्या खुराड्यात.) पिसांचा रंग, त्यांवरचे पट्टे, पिसं लवकर फुटणार की उशिरा, अशा काही गोष्टी याच गुणसूत्रावर बसलेल्या असतात. म्हणून ठरावीक जातीचा कोंबडा आणि ठरावीक जातीची कोंबडी यांची जोडी लावली, तर पहिल्याच दिवशी मुलगे एका रंगाचे आणि मुली दुसऱ्या रंगाच्या निघतात. किंवा मुलींच्या पंखांची पिसं मुलग्यांपेक्षा आधी वाढलेली दिसतात. बघितलं की कळलं.

पण त्यासाठी आईबाप कोण आणि त्यांच्या पोटात काय दडलंय हे माहीत हवं. आत्याच्या अंगणात आई माहीत होती, बाप तीनपैकी कोणताही. काळ्या कोंबडीचे स्वतःचे आईबाप कोण, हे विचारूच नका. संकरित पिल्लांवर या सगळ्या युक्त्या गळून पडतात. तिथे रंग काही सांगत नाही.

मग उरतं वाट बघणं. पाच-सहा आठवड्यांनी काहींचा तुरा मोठा आणि लालसर होऊ लागतो, पाय जाड दिसतात. पण गावठी रक्तात हेही फसवतं, एखादी तलंगही लवकर तुरा काढते. साधारण तीन महिन्यांच्या सुमाराला पाठीवर, शेपटीच्या बुडाशी नवी पिसं येतात. कोंबड्याची लांब, टोकदार, चमकणारी, कोंबडीची गोलसर. तिथे शंका संपते. आणि एके दिवशी पहाटे कुणीतरी घसा फुटल्यासारखा आरवतो.

आत्याचं 'शिमगा होऊ दे' म्हणजे हे सगळं ज्ञान होतं. मला ते टाळाटाळ वाटलं.

*

मी प्रोग्रॅम लिहिला. दोन शनिवार-रविवार लागले. इंटरनेटवर पिल्लांचे हजारो फोटो आहेत, त्यातल्या कित्येकांखाली नर की मादी तेही लिहिलेलं असतं. ते गोळा केले, आधीच शिकवलेलं एक मॉडेल घेतलं, त्याला हे फोटो दाखवले आणि फोनवर चालेल असं करून घेतलं. पिल्लासमोर फोन धरायचा. स्क्रीनवर आकडा येतो: मादी, ८२ टक्के.

पाच आठवड्यांची पिल्लं मी एकेक करून हातात धरली आणि फोटो काढले. आत्या बाजूला बसून तांदूळ निवडत होती. फोननं सांगितलं, सहा कोंबड्या, चार कोंबडे. आत्या म्हणाली, "बरं."

आणि मग ती काकू आली. वाडीवर राहते, आत्याच्या ओळखीची. तिला उन्हाळ्यानंतर अंडी विकायची होती, तीन तलंगा हव्या होत्या. आत्या तिलाही तेच म्हणाली, शिमगा होऊ दे. काकूला घाई होती. नंतर पिल्लं महाग होतात, आणि तिच्याकडे पैसे आत्ता होते. मी ओटीवरून म्हटलं, "काकू, मी सांगते ना कोणत्या ते." आणि फोन दाखवला.

तिनं आकडा वाचला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मी शहरात शिकलेली, इंजिनीअर, हातात यंत्र. मी जे म्हटलं त्यातलं 'बहुतेक' तिच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मीही ते फार जोरात म्हटलं नव्हतं.

पाडव्यापर्यंत सगळा निकाल लागला. दहातले सहा कोंबडे, चार कोंबड्या. माझी दहापैकी सहा उत्तरं बरोबर. नाणं उडवलं असतं तर सरासरी पाच आली असती. काकूला दिलेल्या तिघांत कोंबडी एकच होती. जी चार पिल्लं मी कोंबडे म्हणून बाजूला काढली होती, त्यातली एक तलंग निघाली.

आत्यानं काकूला दोन खऱ्या तलंगा दिल्या आणि ते दोन कोंबडे परत आणले. पैशांचं बोलणं झालं नाही. काकू मला एवढंच म्हणाली, "यंत्र चुकलं तर चुकलं गं. पण मी काय यंत्राला ओळखते? तू म्हणालीस म्हणून नेली." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

*

प्रोग्रॅम का चुकला हे मी शोधलं. त्यानं शिकलेले फोटो बहुतेक शुद्ध जातींचे होते, परदेशी अंगणांतले. तिथे रंग आणि पट्टे खरंच काही सांगत होते, म्हणून तो रंगच शिकला. आत्याच्या पिल्लांवर त्यानं तेच लावलं. ही नेहमीची चूक आहे, आमच्या धंद्यात रोज कुणीतरी करतं.

पण दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली. मी त्याला दोनच खाने दिले होते: नर आणि मादी. दोन्हींची बेरीज शंभर. अशा प्रोग्रॅमला काहीही दाखवा, तो ते शंभर टक्के या दोन खान्यांत वाटूनच टाकतो. पटत नव्हतं म्हणून मी त्याला माझ्या चपलेचा फोटो दाखवला. मादी, ७४ टक्के.

'अजून माहीत नाही' असा खाना त्यात नव्हता, कारण तो मी ठेवला नव्हता. ठेवावा असं सुचलंच नाही. प्रश्न 'नर की मादी' असा विचारला की तिसरं उत्तर प्रश्नातच मरतं.

आणि गंमत म्हणजे मी जी भाषा बोलते तिच्यात तो तिसरा खाना आहे. तो कोंबडा. ती कोंबडी. ते पिल्लू. शाळेत आपण हे नपुंसकलिंग म्हणून पाठ करतो आणि विसरतो. शेजारच्या हिंदीत ही सोय नाही. तिथे प्रत्येक गोष्टीला बोलायच्या आधीच एका बाजूला जावं लागतं. मराठीत पिल्लू 'ते' असतं, पाडस 'ते' असतं, वासरू 'ते' असतं, बाळ 'ते' असतं, पोर 'ते' असतं. आपल्या भाषेनं लहान जिवांसाठी एक ओसरी ठेवली आहे. अजून घरात घेतलेलं नाही, बाहेरही काढलेलं नाही. थोडं बस, मग बघू.

आत्या म्हणाली होती, "पिल्लू आहे ते." मी त्याला टाळाटाळ समजले, आणि ते तर उत्तर होतं.

*

आता थोडं अंगणाबाहेर जाऊ, कारण माझा प्रश्न अंगणात मावत नाही.

एक दिवसाचं पिल्लू हातात घेऊन, त्याच्या शेपटीखाली दाबून, आतल्या अगदी बारीक उंचवट्यावरून नर की मादी ओळखायची पद्धत १९२०च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी पुढे आणली, त्यात कियोशी मासुई हे नाव मोठं. पुढे जपानमध्ये हे शिकवणाऱ्या शाळा निघाल्या आणि तिथून शिकलेले लोक जगभरच्या हॅचरींत गेले. तरबेज माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं बघतो आणि क्वचितच चुकतो.

तत्त्वज्ञानात हा माणूस प्रसिद्ध आहे. ज्ञान म्हणजे काय या चर्चेत त्याचं उदाहरण पुन्हा पुन्हा येतं: याला बरोबर कळतं, पण कसं कळतं हे त्याला सांगता येत नाही, मग याला 'ज्ञान' म्हणायचं का? मी यातलं बरंच वाचलं. चर्चा चांगली आहे. फक्त त्या चर्चेत पिल्लू लवकरच दिसेनासं होतं. कसं कळतं यावर पानंच्या पानं आहेत. कळल्यावर त्या पिल्लाचं काय होतं, यावर फारसं काही नाही.

कळल्यावर असं होतं. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींचे नर अंडी देत नाहीत, आणि मांसाच्या जातींसारखे झटपट भरतही नाहीत. त्यांना खायला घालणं तोट्याचं. म्हणून ओळख पटली की बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी ते मारले जातात. जगभरात वर्षाला सुमारे ७०० कोटी, असा अंदाज सांगितला जातो.

आपल्याकडे यातल्या काहींना मधला एक टप्पा मिळतो, आणि तो तुम्ही पाहिलेला आहे. बाजारात, जत्रेत, शाळेच्या फाटकाबाहेर खोक्यात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं विकायला येतात, आठवतात? मी दुसरीत असताना दोन घेतली होती. एक चौथ्या दिवशी मेलं. दुसरं जगलं, गुलाबी रंग गळून पांढरं झालं, आणि कोंबडा निघालं. वर्गातल्या ज्या ज्या पोरांची जगली त्यांचे सगळ्यांचे कोंबडेच निघाले. आम्हाला तो योगायोग वाटला होता. आता कळतं की ती रंगवलेली पिल्लं बहुधा हॅचरीतून बाहेर टाकलेले नर असतात. कुणीतरी आधीच ओळखलं होतं. म्हणूनच तर ती खोक्यात आली होती.

जर्मनीनं १ जानेवारी २०२२पासून एक दिवसाची नर पिल्लं मारायला बंदी घातली. चांगलं वाटलं वाचून. मग पुढचं वाचलं. हॅचरींसमोर आता दोन वाटा उरल्या: नरही वाढवायचे, किंवा अंड्यातच लिंग ओळखायचं. दुसऱ्या वाटेसाठी यंत्रं निघाली. अंड्यावर प्रकाश टाकून किंवा आतला थेंबभर द्रव काढून आतलं पिल्लू नर आहे का हे ठरवायचं, आणि असलं तर ते अंडं पुढे उबवायचंच नाही. मग आतल्या जिवाला वेदना कधीपासून कळतात यावर वाद झाला, आणि तिथल्या कायद्यात २०२४पासून उबवणीच्या तेराव्या दिवसापासून पुढे तेही बंद झालं.

यात दुःख कमी झालं हे खरं, आणि ते छोटं नाही. पण एक गोष्ट बघा. प्रश्न तोच राहिला, फक्त अलीकडे सरकला. आधी पहिल्या दिवशी विचारत होते, आता जन्माआधी विचारतात. 'ते' म्हणून असायची मुदत आधीच एका दिवसाची होती, ती आता कवचाच्या आत गेली.

*

इथे मला जे लिहायचंय ते जरा जपून लिहिते. मी कोंबडी आणि माणूस यांची बरोबरी करत नाहीये. प्रश्नाचा सांगाडा तेवढा बघा.

मी दुसरी मुलगी, जन्म १९९७चा. आई मला पूर्वी कधी काही बोलली नव्हती. काकूचा प्रकार झाल्यावर मी फोनवर तिला सगळं सांगत होते, तेव्हा ती मध्येच म्हणाली, "तुझ्या वेळी घरातलंच एक वडीलधारं माणूस म्हणालं होतं, बघून घ्या एकदा." मग थांबली. "तुझे बाबा म्हणाले, बघून काय करायचंय?"

बाबांचं ते वाक्य मी बरेच दिवस उलटंपालटं केलं. वरवर तो प्रश्न आहे. पण त्यात एक कसोटी आहे. उत्तर कळल्यावर तुम्ही काय करणार हे आधी सांगा. दोन्ही उत्तरांवर एकच करणार असाल, तर विचारायची घाई नाही. वेगळं करणार असाल, तर तुम्ही माहिती मागत नाही आहात. तुम्ही परवानगी मागताय.

महाराष्ट्रानं १९८८ साली गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १ जानेवारी १९९६पासून लागू झाला. या कायद्याकडे मी कधी तत्त्वज्ञान म्हणून बघितलं नव्हतं. पण तो अजब कायदा आहे. डॉक्टरला सोनोग्राफीत दिसू शकतं. दिसणं गुन्हा नाही. सांगणं गुन्हा आहे, शब्दानं, खुणेनं, कसंही. एक खरी गोष्ट, आणि ती खरी असूनही सांगायची नाही. ज्ञान हे नेहमी चांगलंच, असं मानणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे खटकायला हवं. आधी खटकलंही होतं.

आता ते मला मराठीच्या व्याकरणासारखं वाटतं. कायदा म्हणतो, जन्मापर्यंत बाळाला 'ते' राहू द्या. कारण 'ती' म्हणताच काय होतं हे आपण पाहिलंय.

कायद्यानं सगळं सुटलं नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११मध्ये ८९४. त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. या मुली जन्मल्या होत्या. 'ते'पासून 'ती'पर्यंत पोचल्या होत्या. तरी उत्तर ऐकणाऱ्यांची तयारी तीच राहिली, म्हणून ते नाव मिळालं. म्हणजे वाट बघायला लावणं पुरत नाही. ते फक्त वेळ देतं.

*

मग वाट बघून मिळतं काय? आत्याचे कोंबडे तर शेवटी कापलेच जातात. मला स्वतःला फसवायचं नाही. हाच खरा आक्षेप आहे.

मी आत्याला विचारलंच. म्हटलं, शेवटी कोंबडा कापायचाच, मग आधी कळलं काय आणि नंतर कळलं काय? ती कणी टाकत होती. म्हणाली, "कळेपर्यंत सगळी सारखीच खातात."

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१ साली न्यायावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यातली एक कल्पना अशी: समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण असणार, श्रीमंत की गरीब, धडधाकट की आजारी, हे आपल्याला माहीत नाही असं समजून नियम ठरवा. तो त्याला अज्ञानाचा पडदा म्हणतो. पडद्याआडून बघणारा माणूस कुणालाच फार खाली ढकलणार नाही, कारण खाली तो स्वतः असू शकतो.

आत्याच्या अंगणातला पडदा थोडा वेगळा आहे. आत्या कोण हे आत्याला पक्कं माहीत आहे. पिल्लू कोण हे माहीत नाही. देणाऱ्याला घेणाऱ्याची किंमत अजून माहीत नाही, म्हणून मूठ सगळ्यांसाठी सारखी उघडते. तीन महिने दहाच्या दहा पिल्लांना कणी मिळते, घार आली की आत्या सगळ्यांसाठी सारखीच ओरडते, रात्री सगळी एकाच डालग्याखाली झाकली जातात. एक पिल्लू लंगडत होतं, त्याच्या पायाला तिनं हळद लावली. ते पुढे कोंबडा निघालं. हळद वाया गेली असं ती म्हणाली नाही.

या तीन महिन्यांत आणखी एक होतं. पिल्लू कुणीतरी होतं. लंगडं, चोरटं, आईच्या पाठीवर चढून बसणारं. नर म्हणून ओळख पटायच्या आधी त्याची ओळख झालेली असते. त्यानं मरण टळत नाही. पण जो मरतो तो मोजणीतला एक नसतो. कापणाऱ्याला थोडं जड जातं. मला वाटतं, ते थोडं जड जाणं महत्त्वाचं आहे.

पण इथेही आत्याला देवी करायला नको. अंगणातली पिल्लं निम्मं पोट स्वतः किडेमुंग्यांवर भरतात, म्हणून आत्याला तीन महिने थांबणं परवडतं. हॅचरीला एकेका पिल्लाचा एक दिवसही परवडत नाही. आणि काकूलाही थांबणं परवडत नव्हतं, तिच्याकडे पैसे 'आत्ता' होते. वाट बघणं हा सद्‌गुण असेल, पण तो फुकट मिळत नाही. त्यासाठी थोडी ऐपत लागते. ऐपत नसलेल्या माणसाला मी माझ्या हौसेखातर खोटी खात्री विकली, हे त्या सहाशे रुपयांचं खरं वर्णन आहे.

मला स्वतःला कसली घाई होती? मला अंडी विकायची नव्हती, कोंबडा कापायचा नव्हता. मला फक्त आधी कळायला हवं होतं. आमच्या कामात हीच सवय लागते: आधी कळलं तर चांगलं, पाच सेकंदांपेक्षा एक सेकंद चांगला. कुणासाठी चांगलं, हे विचारायची सवय लागत नाही.

*

प्रोग्रॅम मी फेकला नाही. त्यात तिसरा खाना घातला. खात्री पुरेशी नसली की आता तो आकडा दाखवत नाही, लिहितो: 'अजून पिल्लू आहे.' पहिले दोन महिने तो जवळजवळ प्रत्येक पिल्लाला हेच म्हणतो. म्हणजे प्रोग्रॅम म्हणून तो निरुपयोगी झालाय. आत्याला मात्र आवडला. म्हणाली, "आता बरोबर सांगतो."

गटारीला मी गावी गेले होते. काकूकडून परत आलेल्या दोघांतला एक त्या दिवशी कापला. ज्याला मी ८२ टक्के मादी म्हटलं होतं तोच, पायावर पिसं असलेला. आत्यानं सांगितलं, मी ओळखलंही होतं. मी जेवले.

ऐरोलीला परत आल्यावर मी नेहमीप्रमाणे अंड्यांचा ट्रे घेतला, तीस अंड्यांचा. त्यातल्या प्रत्येक अंड्यामागे एक कोंबडी आहे, आणि ती पहिल्याच दिवशी बरोबर ओळखली गेली म्हणून ते अंडं मला परवडतं. मी अंडी खायची सोडलेली नाही. सोडेन असं लिहून हा लेख संपवणं सोपं होतं. पण आधीच मी एकदा खात्री नसताना खात्री दिली आहे, आणि ते एकदाच पुरे.

काकूच्या तिन्ही तलंगा आता अंडी देतात. मागच्या वेळी तिनं मला चार अंडी दिली. पैसे घेतले नाहीत. आत्याची काळी कोंबडी पुन्हा खुडूक झाली आहे.